नामदार गोखले आणि शिक्षणाचा कायदा

रत्नागिरी जिल्ह्यात कोतळूक नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्यात ता. ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल येथे नोकरीस होते. पगार बेताचा होता. परंतु मुलांनी शिकून शहाणे व्हावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. म्हणून कागलच्या शाळेतले शिक्षण झाल्यावर गोपाळ आणि त्याचा थोरला भाऊ गोविंद या दोघांना त्यांनी पुढील शिक्षणासाठी कोल्हापूरला ठेवले.

पण हे फार दिवस चालायचे नव्हते. १८७९ साली कृष्णराव वारले. गोपाळचे वय तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. घरचा कर्ता पुरुष गेला आणि घरातल्या माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. दोघांनी शिकत राहणे आता शक्य नव्हते. गोविंदरावांनी मनाशी निश्चय केला. त्यांनी आपले शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्या पंधरा रुपयांतून आठ रुपये ते कोल्हापूरला गोपाळकडे पाठवीत आणि उरलेल्या सात रुपयांत घरखर्च भागवीत.

त्या आठ रुपयांचे मोल गोपाळला पुरेपूर कळत होते. तो हाताने स्वयंपाक करी, एक वेळ कमी जेवी आणि दिव्याचे तेल वाचावे म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करी, असे सांगतात. १८८१ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. आता आपणही नोकरी धरावी आणि भावाचा भार हलका करावा, असे त्याच्या मनात आले. पण गोविंदरावांनी ते मानले नाही. कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने पुढे केले, अशी आठवण सांगितली जाते. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे शिकून १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गोपाळराव बी. ए. झाले.

गोपाळराव शिकले ते स्वतःच्या बुद्धीमुळे, हे खरे. पण एका भावाने शाळा सोडली म्हणून दुसऱ्याला ती पुरी करता आली, हेही तितकेच खरे. ज्या घरात असा भाऊ नव्हता, किंवा पंधरा रुपयांची नोकरी मिळवण्याइतकेही शिक्षण कोणाला मिळाले नव्हते, त्या घरातल्या मुलांचे काय होत असेल? गोपाळरावांच्या पुढील आयुष्यातले एक मोठे काम याच प्रश्नाशी निगडित आहे.

मोठ्या पगाराच्या नोकरीमागे न लागता गोपाळराव पुण्यास आले आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकवले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक पुष्कळ वर्षे शाळांतून चालत असे. कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करायला ते गावोगाव हिंडले. १९०२ साली ते या सेवेतून निवृत्त झाले, तेव्हा दरमहा तीस रुपये एवढे निवृत्तिवेतन त्यांना मिळू लागले.

पुण्यात असताना त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू लाभला. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवालांचे जाडजूड ग्रंथ वाचून घेत, आकडे ताडून पाहायला लावत आणि सरकारकडे पाठवायचे अर्ज पुन्हा पुन्हा लिहायला लावत. एकदा गोपाळराव कंटाळले. एवढ्या कष्टाने लिहिलेल्या अर्जाला सरकारकडून दोन ओळींचे कोरडे उत्तर यावे, हे त्यांना सोसेना. रानड्यांनी त्यांना समजावले, की हे अर्ज नावाला सरकारसाठी असले तरी खरे पाहता ते आपल्या लोकांसाठी आहेत; लोकांनी विचार करायला शिकावे म्हणून ते लिहायचे. फळ लगेच मिळाले नाही म्हणून काम सोडायचे नसते, हा धडा गोपाळरावांनी त्या वेळी गिरवला. तो पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला.

१८९९ साली गोपाळराव मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि १९०२ सालापासून ते व्हाइसरॉयच्या, म्हणजे सर्व हिंदुस्थानच्या, कायदे कौन्सिलात बसू लागले. तेव्हापासून लोक त्यांना आदराने नामदार गोखले म्हणू लागले. सरकारच्या अंदाजपत्रकावर ते बोलायला उभे राहिले, की मोठमोठे इंग्रज अधिकारीही कान देऊन ऐकत. कारण त्यांच्या भाषणात पोकळ शब्द नसत, पारखून घेतलेले आकडे असत. १९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी काशी येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषवले.

त्या काळी आपल्या देशात शिक्षणाची स्थिती फार केविलवाणी होती. १९११ सालच्या शिरगणतीत दर हजार पुरुषांमागे १०६ पुरुष आणि दर हजार स्त्रियांमागे अवघ्या १० स्त्रिया लिहिता-वाचता येणाऱ्या निघाल्या. खेडोपाडी शाळाच नव्हत्या. जेथे होत्या तेथे फी द्यावी लागे, आणि मूल गुरे राखू लागले, की त्याची शाळा सुटे. ही स्थिती बदलावी असे सांगणारी माणसे गोखल्यांच्या आधीही झाली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी तर १८९३ साली अमरेली भागातील दहा गावांत हा प्रयोग प्रत्यक्ष सुरू केला आणि १९०६ साली आपल्या सर्व राज्यात शिक्षण सक्तीचे व मोफत केले. बडोद्यात जे घडू शकते ते ब्रिटिश मुलखात का घडू नये, असा प्रश्न आता उघडच उभा राहिला होता.

सरकार शिक्षणावर थोडाफार पैसा खर्च करीतच होते. मग कायदा कशाला हवा होता? येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. सरकारने एखाद्या वर्षी शाळांना पैसे दिले, तर ती सरकारची मर्जी. पुढच्या वर्षी मर्जी बदलली, तर पैसे थांबतील आणि कोणाला जाब विचारता येणार नाही. पण तीच गोष्ट कायद्यात लिहिली गेली, की ती कर्तव्य बनते. कायद्याने पालक बांधला जातो, नगरपालिका बांधली जाते आणि सरकारही बांधले जाते. म्हणूनच कायदा हवा असे म्हणणे सोपे असते. तो करून घेणे अवघड असते.

१९०९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलांत काही सुधारणा केल्या. कौन्सिलात आपल्या लोकांची संख्या वाढली आणि सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर ठराव मांडण्याचा अधिकार त्यांना मिळाला. मात्र व्हाइसरॉयच्या कौन्सिलात सरकारी सभासदांचेच बहुमत ठेवलेले होते. सरकारच्या मनात नसेल, तर तेथे काहीही मंजूर होणे शक्य नव्हते. हे पूर्णपणे जाणूनच गोखल्यांनी पुढचे पाऊल टाकले.

पहिले पाऊल होते ठरावाचे. मार्च १९१० मध्ये त्यांनी असा ठराव मांडला, की देशात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या कामाला प्रारंभ करावा आणि त्याची निश्चित योजना आखण्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचे एक मंडळ नेमावे. या प्रश्नाचा विचार करू, असे सरकारने आश्वासन दिल्यावर गोखल्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारात शिक्षणासाठी स्वतंत्र खाते निघाले; परंतु सक्तीच्या शिक्षणाचे नाव काही निघेना.

तेव्हा गोखल्यांनी दुसरे पाऊल टाकले. कायद्याचा मसुदा त्यांनी स्वतःच तयार केला आणि ता. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यास कौन्सिलापुढे मांडला. अशा मसुद्याला विधेयक म्हणतात. विधेयक म्हणजे कायदा नव्हे. कौन्सिलाची संमती आणि व्हाइसरॉयची मान्यता मिळाल्यावरच त्याचा कायदा होत असे.

या विधेयकाचे प्रत्येक कलम गोखल्यांनी अतिशय सावधपणे लिहिले होते. एका रात्रीत सगळ्या देशावर सक्ती लादावी, असे त्यात कोठेच नव्हते. एखाद्या नगरपालिकेची किंवा जिल्हा बोर्डाची इच्छा असेल, तरच तिने आपल्या हद्दीत सक्ती सुरू करावी. त्यातही त्या भागातील मुलांपैकी ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असली पाहिजेत. हे प्रमाण शेकडा तेहतीस असावे, अशी गोखल्यांची सूचना होती. शिवाय प्रांतिक सरकारची मंजुरीही घेतली पाहिजे. सक्ती होती ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. एक मैलाच्या आत शाळा नसेल किंवा मूल आजारी असेल, तर पालकाला दोष द्यायचा नव्हता. ज्याचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्याकडून फी घ्यायची नव्हती. मूल शाळेत का येत नाही, याची चौकशी आधी एका समितीने करायची होती. त्यानंतरच पालकाला दंड होऊ शकत होता. खर्चासाठी नगरपालिकेने शिक्षणपट्टी बसवावी आणि एकूण खर्चाचे तीन वाटे केले तर दोन वाटे सरकारने उचलावे, असे गोखल्यांचे म्हणणे होते.

मुलींचे काय, असे तुम्ही विचाराल. मुलींना ही सक्ती लागू करण्याची मुभा विधेयकात ठेवली होती, पण प्रारंभ मुलग्यांपासूनच करायचा होता. लोकांचा विरोध वाढून सगळेच काम बुडू नये, म्हणून गोखल्यांनी ही तडजोड केली. आज आपल्याला ती उणीव वाटते आणि ती उणीव होतीच.

एवढी सावधगिरी कशासाठी? गोखल्यांनी इंग्लंड आणि आयर्लंड येथील कायदे बारकाईने अभ्यासले होते. इंग्लंडमध्ये १८७० साली स्थानिक शाळामंडळांना सक्ती करण्याची केवळ परवानगी मिळाली. १८८० साली ती सर्व देशाला लागू झाली आणि १८९१ साली बहुतेक प्राथमिक शाळांतली फी बंद झाली. ज्या मार्गाने राज्यकर्त्यांचा स्वतःचा देश गेला, तोच मार्ग त्यांनी आपल्या विधेयकात आखला होता. त्यामुळे ही कल्पना अव्यवहार्य आहे असे सरकारला सहजासहजी म्हणता येणार नव्हते.

विधेयक मांडले गेल्यावर त्याच्या प्रती प्रांतिक सरकारांकडे, नगरपालिकांकडे आणि सार्वजनिक संस्थांकडे मतासाठी गेल्या. वर्षभर देशात याच विषयाची चर्चा चालली. ठिकठिकाणी सभा झाल्या. राष्ट्रीय सभेने पाठिंबा दिला. गोखल्यांनी स्वतः गावोगावी जाऊन लोकांना हा विषय समजावून सांगितला. पण प्रांतिक सरकारांपैकी बहुतेकांची मते विरुद्ध आली.

ता. १८ आणि १९ मार्च १९१२ या दोन दिवशी कौन्सिलात अखेरचा वाद झाला. गोखल्यांची मागणी फार साधी होती. विधेयक पंधरा सभासदांच्या निवड समितीकडे सोपवावे, तिने प्रत्येक कलम तपासावे आणि हवे ते फेरफार सुचवावे, एवढेच ते मागत होते. पंडित मदनमोहन मालवीय, महंमद अली जिना इत्यादी सभासदांनी त्यांची बाजू उचलून धरली.

शिक्षण खात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनी सरकारतर्फे विरोध केला. लोकांकडूनच अजून सक्तीची मागणी नाही. शाळा, शिक्षक आणि पैसा पुरेसा नाही. आधी खुषीने शिकणाऱ्यांची सोय करू, सक्तीचे मागाहून पाहू, असा सरकारी बाजूचा सूर होता. नवी पट्टी लोकांना जड जाईल आणि गरिबांना दंडाचा जाच होईल, अशीही भीती कोणी कोणी बोलून दाखवली. या शंका सगळ्याच खोट्या होत्या असे नाही. गोखल्यांनी त्या टाळल्याही नाहीत. एकेक शंका घेऊन त्यांनी तिचे उत्तर दिले. ज्या ज्या देशांत सर्व मुले शिकली, तेथे ती कायद्याच्या आधारानेच शिकली, हे त्यांनी दाखवून दिले. बाहेरून येणाऱ्या मालावरची जकात थोडी वाढवली, तर पैसा उभा राहील, हेही त्यांनी यापूर्वीच सुचवले होते.

शेवटी मते घेण्यात आली. विधेयकाच्या बाजूने १३ मते पडली. विरुद्ध ३८ पडली. विधेयक निवड समितीपर्यंतही पोचले नाही. विरोध करणाऱ्यांत सरकारी अधिकारी तर होतेच; पण काही हिंदी सभासदही होते, ही गोष्ट मनाला अधिक लागते.

निकाल काय लागणार, हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते आणि कौन्सिलात त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलेही. त्यांनी कोणावर राग धरला नाही, कोणाला दूषण दिले नाही. हे विधेयक आज पडले तरी पुन्हा पुन्हा मांडले जाईल आणि एक दिवस त्याचा कायदा होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. रानड्यांनी शिकवलेला धडा ते विसरले नव्हते.

तेवढ्या प्रयत्नाचेही काही फळ मिळाले. ता. २१ फेब्रुवारी १९१३ रोजी हिंदुस्थान सरकारने आपले शिक्षणविषयक धोरण जाहीर केले. सक्ती त्यात नव्हती. पण प्राथमिक शिक्षणाचा खूप प्रसार करू, असे सरकारला सांगावे लागले. मात्र अतिश्रमाने गोखल्यांची प्रकृती ढासळली होती. त्यांना मधुमेह जडला होता. त्यातच दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न आणि सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनचे काम, अशी ओझी त्यांनी शिरावर घेतली होती. ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांना पन्नाशीही गाठता आली नाही.

परंतु त्यांनी लावलेले रोप मेले नाही. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्या कोल्हापुरात गोपाळने आठ रुपयांत महिना काढून शिक्षण घेतले होते, तेथेच हे घडले. विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबईच्या कौन्सिलात गोखल्यांच्याच वाटेने जाणारे विधेयक मांडले आणि १९१८ साली त्याचा कायदा झाला. त्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. ब्रिटिश मुलखातला या प्रकारचा तो पहिला कायदा होय. पुढे १९३० सालापर्यंत बहुतेक प्रांतांत असे कायदे झाले.

देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या राज्यघटनेत ४५ वे कलम लिहिले गेले. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असे त्यात म्हटले होते. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांपैकी होते. ते पाळले गेले नाही, तर न्यायालयात दाद मागता येत नसे. दहा वर्षे गेली, आणखी कितीतरी वर्षे गेली. लक्षावधी मुले शाळेबाहेरच राहिली. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की जगण्याच्या हक्कातच चौदा वर्षांपर्यंत शिकण्याचा हक्क आहे. त्यानंतर २००२ साली संसदेने घटनेत दुरुस्ती करून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. २००९ साली त्याप्रमाणे कायदा झाला आणि तो ता. १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांनी विधेयक मांडले त्याला तेव्हा नव्व्याण्णव वर्षे झाली होती.

या नव्व्याण्णव वर्षांत एक महत्त्वाचा पालट झाला. गोखल्यांच्या विधेयकात मैलाच्या आत शाळा नसेल, तर पालकाची सुटका होत असे. नव्या कायद्याने मुलाच्या घराजवळ शाळा उपलब्ध करून देणे हे शासनाचेच कर्तव्य ठरवले. पूर्वी मुख्य बंधन पालकावर होते. आता ते शासनावरही तितकेच आले आहे. आणि मुलगा व मुलगी असा भेद या कायद्यात नाही.

तुमचे नाव आज शाळेच्या हजेरीपटावर आहे. ते तेथे असावे म्हणून तुमच्या थोरल्या भावाला किंवा बहिणीला आपली शाळा सोडावी लागू नये, यासाठीच हा कायदा आहे. सकाळी हजेरी घेताना तुमचे नाव पुकारले जाईल आणि तुम्ही हजर म्हणाल, तेव्हा कलकत्त्याच्या त्या सभागृहात तुमच्यासाठी पडलेल्या तेरा मतांची आठवण ठेवा. आणि शाळेच्या वेळी कोठे गुरांमागे, हॉटेलात किंवा वीटभट्टीवर तुमच्याच वयाचे मूल दिसले, तर नामदार गोखल्यांचे काम अजून पुरे झालेले नाही, हेही ध्यानात असू द्या.